दक्षिणा गेली, बिल मात्र राहिले

आपल्या वस्त्यांत लग्न ठरले की पहिला प्रश्न येतो हॉल कोणता, आणि दुसरा डीजे कोणाचा. घाटकोपर असो, मुलुंड असो की बोरिवली, विधी कसा होणार हे बैठकीत कोणी विचारत नाही, कारण तो ठरलेलाच असतो. त्रिसरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, आशीर्वाद गाथा. पाऊण तासात मंगल परिणय पूर्ण. मग या पाऊण तासाभोवती साखरपुडा, प्री-वेडिंग शूट, हळदीची रात्र आणि कर्जाचे हप्ते कुठून आले? आमच्या मते हा प्रश्न काटकसरीचा नाही, इतिहासाचा आहे.

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा, सावित्रीबाईंची मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची मुलगी. भटजी नाही, हुंडा नाही, आणि जो थोडका खर्च आला तो सावित्रीबाईंनी केला. पुढे १८८७ मध्ये जोतिरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिकाच काढली. त्यात वधू स्त्रीच्या हक्कांविषयी वराला जाब विचारते आणि वर तिला शब्द देतो. साधे लग्न म्हणजे गरिबाची तडजोड, असे त्यात कुठेही नाही. खर्च कमी झाला तो पुरोहित आणि त्याच्यासोबत येणारी उतरंड नाकारल्यामुळे.

याची किंमत मोजावी लागली. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी भटजीशिवाय लग्न लावले, तेव्हा गावजोशांनी त्यांच्यावर दावा लावला आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. जोशांचे म्हणणे काय होते, तर तुम्ही आम्हाला बोलवा किंवा बोलवू नका, आमचा हक्क द्या! न केलेल्या कामाची मजुरी मागणारा हा हक्क वतनी होता. तो मोडायला पुढे कायदा करावा लागला. सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात जोशी वतनाविरुद्धचे विधेयक लावून धरले आणि १९२६ मध्ये कायदा झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा १९२३ चा ठरावही याच बोल्यांचा. पाणवठा आणि लग्नाची दक्षिणा हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाने हाती घेतले, हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे.

आता आजच्याकडे पाहू. जोशी गेला, वतन गेले. पण न मागितलेल्या सेवेचे पैसे देण्याची सवय गेली का? डेकोरेटरच्या ‘पॅकेज’मध्ये थंड धुराचे यंत्र असते, म्हणून आपण ते घेतो. हळदीला डीजे लावला नाही तर भावकी काय म्हणेल, म्हणून तो लावतो. तीन लाखांचे कर्ज दरमहा दोन टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ११,८०० रुपये बसतो आणि फेड सव्वाचार लाखांच्या आसपास जाते. वरचे सव्वा लाख कोणत्या गाथेत लिहिले आहेत?

बाबासाहेबांचे आणि रमाईंचे लग्न याच मुंबईत, भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर झाले. बसायला ओटे, पायाखाली ओल, आणि पहाटे बाजार भरण्याआधी जागा मोकळी करायची. ती निवड नव्हती, ती गरिबी होती. तिचे गोडवे गाऊ नयेत. पण १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी झालेला विवाह ही निवड होती. देशाच्या कायदेमंत्र्याने घरी, मोजक्या माणसांत, नोंदणी पद्धतीने लग्न केले. आणि ४ डिसेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, एका कार्यकर्त्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी बौद्ध विवाहाचा विधी सांगितला: होम नाही, सप्तपदी नाही. पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके, त्यात सुताचा धागा, त्याची दोन टोके दोघांच्या हातांत, कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे, आणि वधूवरांचे कपडे पांढरे. एका मडक्याचा आणि धाग्याचा खर्च किती, हे वाचकांनीच काढावे.

त्याआधी, २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत, त्यांनी बायकांना बजावले होते की लग्नाची घाई करू नका. लग्न ही जबाबदारी आहे, आर्थिकदृष्ट्या ती पेलण्याची ताकद येईपर्यंत मुलांवर लादू नका. बायकोने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, हेही त्याच भाषणात आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो आम्ही हलका मानत नाही. कार्यकर्ते विचारतात, ज्यांना पिढ्यानपिढ्या वाजतगाजत वरात काढू दिली नाही, त्यांनाच आता साधेपणा शिकवायचा? २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावी एका दलित नवरदेवाची वरात पोलीस बंदोबस्तात काढावी लागली. तिथे घोडा हा हक्काचा प्रश्न आहे आणि त्यासाठी लढलेच पाहिजे. पण मुलुंडच्या रस्त्यावर घोडा कोणी अडवत नाही. इथे तो भाड्याने मिळतो. बंदी मोडणे वेगळे आणि भाडे भरणे वेगळे.

मग करायचे काय? आपल्याला मुहूर्त लागत नाही, आणि नियोजनात ही आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. तरीही आपण मुहूर्ताच्याच तारखांना, भरलेल्या हॉलमागे धावतो! मुहूर्त नसलेला रविवार किंवा शनिवारची संध्याकाळ घ्या. वस्तीतला विहार किंवा समाजमंदिर आधी विचारा. उपनगरांत पाहुणे दोन रेल्वेमार्गांवर विखुरलेले असतात. बोरिवलीची मावशी मुलुंडला यायची तर तिला दादरला गाडी बदलावी लागते. घाटकोपर स्टेशनजवळची जागा घेतली तर २०१४ पासून अंधेरीहून थेट मेट्रो आहे आणि बस भाड्याने करण्याची गरज बरीच कमी होते. साखरपुडा आणि परिणय एकाच दिवशी उरका. दोन्ही घरांनी खर्च अर्धा-अर्धा वाटून एकाच वहीत लिहावा, आणि ती वही वधूवरांच्या हाती असावी, मामांच्या नव्हे. एकत्र विवाह सोहळ्यात लग्न केल्यास राज्याच्या समाजकल्याण खात्याची मदतही मिळते. योजनेचे नाव मात्र ‘कन्यादान’. फुल्यांनी ज्या दानाला नकार दिला, तेच नाव सरकारने अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या अर्जावर छापले आहे. मदत घ्यावी, आणि नाव बदलण्याची मागणीही करावी.

शेवटी नोंदणी. बौद्धाचार्यांचे प्रमाणपत्र मिळाले की काम झाले असे घरचे समजतात. १९९८ च्या राज्य कायद्यानुसार विवाहाची नोंद ९० दिवसांच्या आत व्हायला हवी. मुंबईत ती महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात होते. आमच्याकडे पोटगीसाठी येणाऱ्या कितीतरी बायका लग्नाचा जाडजूड अल्बम घेऊन येतात. त्यात ड्रोनने काढलेले फोटोही असतात. नोंदणीचा कागद तेवढा नसतो.