बारा फुटांच्या आतला माणूस

मूल, सावली, सिंदेवाही या पट्ट्यात गावोगावी तळं आहे, नाहीतर बोडी तरी आहे. कागदावर त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळ्यांनी बांधले, हे पुस्तकात येतं. मालगुजारी १९५१ साली गेली, तळ्यांना नाव मात्र मालगुजाराचंच राहिलं. टिकास कुणी मारलं, पाळीवर पाट्या कुणाच्या डोक्यानं चढल्या, दरड कुणाच्या अंगावर आली, हे कोण लिहिणार? राजे राहू द्या. मी खड्ड्याचा इतिहास लिहितो. मिल बंद असते तेव्हा मीही नाली खंदतो, तेवढा अधिकार मला आहे.

खड्ड्यात मातीची मोजदाद चोख असते. हिशेब ब्रासवर. ब्रास म्हणजे १०० घनफूट. चौकडी खंदताना मधे मातीचा एक खांब तसाच सोडायचा, त्याच्या उंचीवरून साहेब खोली मोजतो. इंग्रजी बांधकाम-पुस्तकात या खांबाला 'डेड मॅन' म्हणतात. मेलेला माणूस! माप होईपर्यंत त्याला कुणी धक्का लावत नाही. जित्या माणसाला एवढी राखण नाही.

आणि हा ब्रासच जीव घेतो. वरून थराथरानं माती काढली तर दिवसाचं काम कमी भरते. खालून पोखरलं की वरचा भाग आपोआप बसतो, हात वाचतात. पोट घाई करते. मुरूम ताठ उभा दिसतो म्हणून भरवसा वाटतो. कन्हार उन्हानं तडकते, पाणी मुरलं की सुटते. काठापासून हात-दोन हातांवर बारीक भेग दिसली, की त्या बाजूनं खाली उतरू नये. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचं तोंड मोकळं असलं तरी तो गुदमरतो, कारण छातीला फुगायला जागाच राहत नाही. त्याला काढायला उडी घेणारा भाऊ उरलेल्या दरडीखाली जातो.

आता कायदा बघा. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा, लागू झाला १ जुलै १९२४ ला. कामगार कोणाला म्हणायचं, याची यादी त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात होती. नहर, पाइपलाइन, गटार यांना वेगळी कलमं. नुसतं खोदकाम असेल तर? दुरुस्त्या होऊन राहिलेली अट अशी: २५ हून जास्त माणसं, किंवा सुरुंग, किंवा १२ फुटांहून जास्त खोली. म्हणजे विहिरीचे पहिले आठ हात खंदणारे चार गडी या कलमात कुठंच नव्हते. माणूस मरायला पाच फूट पुरतात. कामगार ठरायला बारा लागत.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री होते. केंद्रीय बांधकाम खातंही त्यांच्याच हाताखाली होतं. त्या खात्याच्या ठेक्यांना पुढे जोडलेली सुरक्षा संहिता वाचण्यासारखी आहे. नाली ४ फूट झाली की शिडी हवी, दर ३० मीटरला एक, काठाच्या वर ३ फूट निघालेली. ५ फुटांपासून बाजूंना उतार द्या, नाहीतर लाकडाचा आधार. उपसलेली माती काठापासून ५ फूट दूर. खालून पोखरणं साफ बंद. कुणाच्याही डोक्यात शिरेल इतकं सोपं आहे हे.

१९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा आला, तो दहा माणसांपासून पुढे. आठजण ठेवले की कायदा दारातूनच परत! नोव्हेंबर २०२५ मध्ये हे दोन्ही कायदे नव्या संहितांत गेले.

फळ्या मिळत नाहीत म्हणतात. कुठं? या जिल्ह्यात? बल्लारपूरचं सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिराला गेलं. नालीला सागवान कशाला, साध्या बल्ल्या चालतात.

गोसीखुर्दचा पाया २२ एप्रिल १९८८ ला घातला. त्याचा उजवा नहर असोलामेंढ्याच्या तळ्याला येऊन मिळतो. मोठं खोदकाम आता मशीन करते. पण नालीत मशीनचा दात सरळ भिंत कापून जातो, आणि पाइप जोडायला खाली उतरतो तो आपलाच माणूस.

आमच्या वस्तीत पाण्याची नाली निघाली तेव्हा आम्ही ठेकेदाराला चार बल्ल्या, फळ्या आणि एक शिडी मागितली. तो म्हणाला, "इस्टिमेटात नाही." आम्ही माहितीच्या अधिकारात इस्टिमेटाची नक्कल मागितली आहे. नक्कल अजून यायची आहे. नाली सहा फुटांवर गेली आहे.