बेरेनिकेतली माकडं

इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके नावाचं एक बंदर होतं. आसपास वाळवंट, शेती नाही, पिण्याचं पाणी लांबच्या विहिरींवरून आणायचं. तरी ते जवळपास आठशे वर्षं टिकलं. मला या गावाने झपाटलं ते तिथल्या व्यापारामुळे नाही, तिथल्या एका दफनभूमीमुळे. पण आधी हत्ती.

इ.स.पू. २७५च्या सुमारास टॉलेमी दुसऱ्याने हे बंदर वसवलं आणि त्याला आईचं नाव दिलं. सीरियाच्या सेल्युकस घराण्याकडे भारतातले लढाऊ हत्ती होते. त्यांना तोड म्हणून टॉलेमी आफ्रिकेतले हत्ती पकडून आणत असे, चक्क जहाजातून!

रोमन आले आणि हत्तींची जागा मिरीने घेतली. सेरापिसच्या देवळात जमिनीत पुरलेला एक भारतीय रांजण सापडलाय, त्यात साडेसात किलो काळी मिरी होती. ती नाईल नदीपर्यंत न्यायची म्हणजे उंटांवरून १२ दिवसांची वाट, असं प्लिनी सांगतो.

मिरी केरळची, पण आपणही या गोष्टीत आहोत. ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातलं ग्रीक पुस्तक म्हणजे व्यापाऱ्यांसाठीचा वाटाड्याच. त्यात बेरेनिके आहे, तसंच कल्याण, पैठण आणि तेरही आहे. पैठण-तेरचा माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा. बेरेनिकेत सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. ती कुणाच्या कनवटीला होती, याचा मी उगाच विचार करत बसते.

२०२२मध्ये तिथे बुद्धाची ७१ सेंटिमीटर उंचीची मूर्ती निघाली. ध्यान बुद्धाचं, संगमरवर मात्र बहुधा तुर्कस्तानातला. रोमन सम्राट फिलिपच्या काळातला एक संस्कृत शिलालेखही मिळाला. म्हणजे आपले लोक तिथे नुसता माल उतरवून परतत नव्हते, देवधर्म करण्याइतके रमले होते.

आता ती दफनभूमी. पहिल्या-दुसऱ्या शतकात, गावाच्या कडेला जवळपास सहाशे प्राणी पुरले गेले. बहुतेक मांजरं, काही कुत्रे. ममी नाहीत, बळीही नाहीत. झोपल्यासारखे अलगद ठेवलेले, काहींच्या गळ्यात पट्टे, मणी. काही तर दात पडेपर्यंत जगलेले, म्हणजे कुणीतरी त्यांना भरवत होतं.

आणि माकडं. आधी ती आफ्रिकेतली वाटली होती. हाडांची नीट तुलना झाल्यावर कळलं की बरीचशी भारतातली आहेत. आपल्या देवळांच्या शिखरांवर उड्या मारतात, त्याच जातकुळीतली. समुद्रावरचा तो लांबलचक प्रवास सोसून ती पोचली आणि बहुतेक कोवळ्या वयातच गेली. वाळवंटात फळं, पाला आणणार कुठून? हाडांवर कुपोषणाच्या खुणा आहेत.

हौसेपायी केलेला छळच म्हणायचा हा. पण छळणाऱ्याने शेवटी त्यांना कचऱ्यात फेकलं नाही. खड्डा खणला, काहींच्या जवळ शिंपले ठेवले, एखाद्याच्या सोबतीला मांजराचं पिल्लू.