लकवा आणि साडेचार तास: गडचिरोलीत सीटी स्कॅन इतका महत्त्वाचा का?

गडचिरोलीत माणसं कशाने दगावतात, असं विचारलं तर बहुतेक जण मलेरिया किंवा सर्पदंश म्हणतील. पण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा पहिल्या क्रमांकावर लकवा, म्हणजेच स्ट्रोक निघाला. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू स्ट्रोकमुळे झाले होते. त्यातले ८७ टक्के घरीच झाले.

हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. स्ट्रोकच्या उपचारात मोठा बदल झाला, तोही त्याच सुमारास.

लकवा मारतो म्हणजे काय होतं?

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: तोंड वाकडं होतं, एक हात-पाय लुळा पडतो, बोबडी वळते. पण उपचार अगदी उलट आहेत. गुठळी विरघळवायचं औषध रक्तस्राव झालेल्या रुग्णाला दिलं, तर जीव जाऊ शकतो.

मग डॉक्टरांना कसं कळतं?

सीटी स्कॅनमधून. त्यात ताजा रक्तस्राव पांढरा दिसतो. गुठळीमुळे झालेलं नुकसान मात्र पहिल्या काही तासांत दिसेलच असं नाही. त्यामुळे डॉक्टर आधी 'रक्तस्राव नाही ना?' हे पाहतात. स्कॅनला काही मिनिटंच लागतात, पण त्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही.

उपचार कोणते?

*पहिला, इंजेक्शन.* गुठळी विरघळवणारं हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जितकं लवकर, तितका फायदा जास्त.

*दुसरा, थ्रॉम्बेक्टॉमी.* गुठळी मोठ्या रक्तवाहिनीत असेल, तर जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात. डॉक्टर एक्स-रेच्या पडद्यावर पाहत गुठळी जाळीत अडकवून किंवा शोषून बाहेर काढतात. कवटी उघडावी लागत नाही. ही प्रक्रिया साधारण सहा तासांत करतात. काही निवडक रुग्णांमध्ये, स्कॅन पाहून, २४ तासांपर्यंतही करता येते. त्यासाठी कॅथलॅब आणि प्रशिक्षित डॉक्टर लागतात.

अडचण कुठे आहे?

अंतरात. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथून नागपूरही जवळपास तेवढंच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. साडेचार तास प्रवासातच संपू शकतात.

त्यामुळे जवळच सीटी स्कॅन करून इंजेक्शन देणं आणि गरज असेल तर पुढे पाठवणं, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. हिमाचल प्रदेशात जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर स्कॅनचे फोटो मोबाईलवरून मेंदूविकारतज्ज्ञांना पाठवून असा उपचार करतात. तिथला उपक्रम २०१४ पासूनचा आहे.

घरच्यांनी काय करायचं?

- लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. झोपेत झालं असेल, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ सांगा. 'आता उशीर झाला' हे स्वतःच ठरवू नका.
- १०८ ला फोन करा आणि 'लकवा' हा शब्द वापरा.
- तेलमालीश, झाडपाला, पुजारी यात वेळ घालवू नका.
- स्कॅनआधी ॲस्पिरिन देऊ नका. हार्ट अटॅकचा नियम इथे लागू होत नाही, कारण रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो.
- गिळता येत नसेल तर पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका.
- लक्षणं थोड्या वेळात गेली तरी दवाखान्यात जा. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.
- बीपीची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करू नका. वाढलेलं बीपी हे स्ट्रोकचं सर्वात मोठं कारण आहे.

आणि एक काम आजच करा. तुमच्या गावाहून सर्वात जवळचं, रात्रीही सुरू असलेलं सीटी स्कॅन कुठे आहे, हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून ठेवा.