असईच्या सेनापतीचा बूट आणि फ्लँडर्सचा चिखल

इंग्लंडमधील ग्लास्टनबरीचा संगीतमहोत्सव गाण्यांइतकाच चिखलासाठी ख्यात आहे. १९९७, १९९८ आणि २००५ या वर्षी तर शेतांची दलदल झाली होती. त्या चिखलातून वावरणाऱ्या हजारो पायांत एकच पादत्राण दिसते : गुडघ्यापर्यंतचा रबरी बूट. मराठीत तो ‘गमबूट’, इंग्रजांच्या तोंडी ‘वेलिंग्टन’. हे नाव ज्याच्यावरून पडले, तो माणूस महाराष्ट्राला मुळीच परका नाही. त्याच्या नावाच्या बुटाचा, आणि चिखलात योग्य बूट न मिळालेल्या पायांचा हा धागा.

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातील असई. मेजर जनरल आर्थर वेलस्लीने केळना नदी ओलांडून दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेवर हल्ला चढवला आणि मोठी हानी सोसून लढाई जिंकली. पुढे आडगाव, मग गाविलगड. स्पेनमधील मोहिमांनंतर हाच वेलस्ली वेलिंग्टन झाला आणि १८१४ मध्ये ड्यूक. असईला त्याच्या पायात ‘वेलिंग्टन बूट’ असणे शक्यच नव्हते. तो बूट तेव्हा जन्मालाच आला नव्हता.

त्या काळी युरोपातील अधिकारी ‘हेसियन’ बूट घालीत. गुडघ्याखाली नक्षीदार काठ, पुढे लोंबणारा गोंडा, आणि आत तंग विजार. वॉटर्लूच्या सुमारास तंग विजारी मागे पडून सैल पाटलोणी आल्या आणि त्यांच्याखाली गोंडा नि काठ अडचणीचे ठरू लागले. ड्यूकने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील होबी या चर्मकाराकडून साधा बूट करवून घेतला : मऊ वासराच्या कातड्याचा, गोंड्याविना, पायाला लगटून बसणारा, बुटक्या टाचेचा. घोड्यावर चालेल आणि संध्याकाळच्या मेजवानीलाही शोभेल, असा. विजेत्याचे अनुकरण करण्याची हौस सर्वकाळ सारखीच, त्यामुळे लंडनमधील प्रतिष्ठितांनी तो भराभर उचलला.

मात्र तो कातड्याचा होता. कातडे पाणी काही काळ थोपवते, कायमचे नाही. तासन्‌तास चिखलात उभे राहिले की ते भिजते, फुगते, जड होते आणि थंडीत लवकर वाळत नाही. ड्यूकला याची फारशी झळ लागली नसावी. खंदकात रात्रंदिवस उभे राहण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नाही.

पाणी पूर्णपणे अडवणारे द्रव्य आले दक्षिण अमेरिकेतून. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मूळ रहिवासी रबराच्या झाडाचा चीक पायाच्या आकाराच्या साच्यावर थरावर थर चढवून, धुरावर वाळवून जोडे करीत. १८२० च्या दशकात असे जोडे जहाजांनी बोस्टनला येऊ लागले. (इंग्रजीत त्या काळी रबराला ‘इंडिया रबर’ म्हणत, पण त्या ‘इंडिया’चा हिंदुस्थानशी संबंध नाही. कोलंबसाच्या भूगोलातील घोटाळ्याचे ते शेपूट आहे.) जोडे जलाभेद्य होते खरे, पण उन्हाळ्यात ते चिकट होऊन वितळू लागत आणि हिवाळ्यात लाकडासारखे ताठ होऊन तडकत. म्हणजे नेमक्या ज्या ऋतूसाठी ते हवेत, त्याच ऋतूत कुचकामी.

हा दोष चार्ल्स गुडइयरने दूर केला. १८३९ मध्ये त्याला आढळले की रबरात गंधक मिसळून ते तापवले तर त्याची लवचीकता थंडीत आणि उष्णतेतही टिकते. १८४४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. हायरम हचिन्सन या अमेरिकी उद्योजकाने ही कृती पादत्राणांसाठी वापरण्याचा हक्क मिळवून १८५३ मध्ये फ्रान्समधील माँतार्जीजवळ कारखाना काढला. फ्रेंच शेतकरी तोवर लाकडी खडावांसारखे ‘साबो’ घालून ओल्या शेतात उतरत. संध्याकाळी कोरड्या पायांनी घरी परतण्याचे सुख त्यांना रबराने दिले. १८५६ मध्ये एडिंबरो येथे ‘नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी’ सुरू झाली. तिचे संस्थापकही अमेरिकीच.

इथपर्यंतची कथा शोधाची आणि व्यापाराची आहे. बुटाची खरी कसोटी १९१४ च्या हिवाळ्यात लागली.

पश्चिम आघाडीचा फ्लँडर्सकडील भाग सखल आणि चिकणमातीचा. दोन-तीन फूट खणले की पाणी लागते. शतकानुशतके चरांनी निचरा करून लागवडीखाली आणलेल्या त्या जमिनीचे चर तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त केले आणि पावसाने उरलेले काम केले. सैनिक घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत गार पाण्यात दिवसच्या दिवस उभे राहिले. पायात खिळे ठोकलेल्या तळाचे कातडी बूट, आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली लोकरी पट्टी.

ही पट्टी हिंदुस्थानी. इंग्रजीतील ‘पटी’ हा शब्द सरळ आपल्या ‘पट्टी’वरून गेला. डोंगराळ मुलखात चढताना पिंडरीला आधार मिळावा, काटेकुटे लागू नयेत म्हणून हिंदुस्थानी फौजेने ती स्वीकारली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी साऱ्या ब्रिटिश सैन्याच्या गणवेशात तिचा समावेश झाला. कोरड्या टेकड्यांवर ती उत्तम होती. फ्लँडर्सच्या पाण्यात मात्र लोकर भिजून आवळली जाई आणि आधीच गारठलेल्या पायाचा रक्तपुरवठा आणखी तोडी.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांपुढे विचित्र पाय येऊ लागले. आधी बधिर, मग फिके-निळसर, मग इतके सुजलेले की बूट कापूनच काढावा लागे. ऊब मिळताच असह्य आग. पुढे फोड, आणि वाईट प्रसंगी मांस कुजून बोटे किंवा अख्खे पाऊल कापण्याची वेळ. प्रथम याला हिमदंश समजले गेले. पण हिमदंशात पेशी गोठतात. इथे तर तापमान अनेकदा शून्याच्या बरेच वर असे. गारवा, ओल आणि निश्चलता ही तीन एकत्र आली की शरीर उष्णता वाचवण्यासाठी पायाच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. हे तासन्‌तास चालले तर नसा आणि स्नायू रक्ताविना मरू लागतात. आजाराला नाव पडले ‘ट्रेंच फूट’, खंदकातला पाय. भातलावणीच्या दिवसांत कोकणात पायांना होणाऱ्या चिखल्या मराठी वाचकाला आठवतील, पण त्या कातडीपुरत्या राहतात. हा रोग खोल जातो.

युद्ध संपेपर्यंत फ्रान्समधील इस्पितळांत ट्रेंच फूट आणि हिमदंशाने दाखल झालेल्या ब्रिटिश सैनिकांची संख्या ७४ हजारांच्या वर गेली. मृत्यू थोडे झाले. पण पायदळातील माणसाचा पाय गेला, म्हणजे काय उरले?

त्या पहिल्या हिवाळ्यात हिंदी सैनिकही तिथेच होते. २६ सप्टेंबर १९१४ रोजी हिंदी फौजेचे पहिले दल मार्सेल्स बंदरात उतरले, तेव्हा अनेकांच्या अंगावर उन्हाळी खाकीच होती. उबदार कपडे हळूहळू पोहोचले. ज्यांचे मुख्य ठाणे पुण्याजवळच्या खडकीला होते, त्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या २८ ऑक्टोबरला नव्ह शापेलच्या हल्ल्यात पायदळासारख्या लढल्या आणि भयंकर हानी सोसून मागे आल्या. डिसेंबरात जिव्हाँशीजवळ हिंदी तुकड्यांवर जर्मन हल्ला झाला, तेव्हा खंदकांत इतका चिखल होता की बंदुका अडकून निकामी झाल्या. हिंदी सैनिकांना युरोपची थंडी सोसवली नाही, असे विधान त्या काळच्या आणि नंतरच्याही लिखाणात सर्रास आढळते. त्यात अर्धेच सत्य आहे. त्याच खंदकांतून स्कॉटलंड आणि यॉर्कशरच्या जवानांनाही उचलून न्यावे लागत होते. दोष रक्ताचा नव्हता. बुटाचा, पट्टीचा आणि निचरा न झालेल्या पाण्याचा होता.

ब्रिटिश युद्धखात्याने आता रबराकडे धाव घेतली. नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीच्या गिरण्या अहोरात्र चालल्या आणि युद्धकाळात तिने ११ लाख ८५ हजारांहून अधिक जोड पुरवले. हे बूट सैनिकाच्या मालकीचे नसत. मांडीपर्यंतचे रबरी बूट ‘खंदकाचा माल’ म्हणून ठेवले जात; पाळी संपवून जाणारी तुकडी ते येणाऱ्या तुकडीच्या हवाली करी. आदल्या माणसाच्या घामाने ओला झालेला बूट पुढच्याने चढवायचा.

आणि इथेच रबराची मर्यादा उघडी पडली. जे बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, ते आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. रबरात ऊबही नाही. थंड पाण्याचा गारठा ते सरळ पायापर्यंत पोहोचवते. दिवसभर रबरात कोंडलेला पाय संध्याकाळी पांढराफटक, सुरकुतलेला निघतो. शिवाय रबरी बुटात लांबचे कूच करता येत नाही : टाच घसरते, कातडी सोलते, आणि गुडघाभर चिखलात बूट जागीच राहून माणूस तेवढा पुढे जातो. पहाऱ्यासाठी गमबूट उत्तम, कूच करण्यासाठी कातडीच बरा. दोन्ही कामांना पुरेल असा एक बूट कोणाकडेच नव्हता.

म्हणून आजार आटोक्यात आला तो एकट्या बुटाने नव्हे. १९१५ नंतर आज्ञा निघाल्या : बूट सैल असावेत, पट्ट्या आवळू नयेत, जास्तीचे पायमोजे जवळ असावेत आणि रोज बदलावेत. शिध्याबरोबर कोरडे मोजे खंदकात जाऊ लागले. पाय देवमाशाच्या तेलाने चोळायचे, आणि तेही जोडीजोडीने, एकाने दुसऱ्याचे. अधिकाऱ्याने रोज पावले तपासायची. तुकडीत रोग वाढला तर जाब त्याला विचारला जाई. खंदकाच्या तळाशी फळ्यांच्या पायवाटा आल्या, तुकड्यांच्या पाळ्या आखूड झाल्या. कप्तानाने शिपायाच्या अनवाणी पायांपुढे कंदील घेऊन वाकायचे, हे दृश्य १९१३ च्या साहेबी लष्करात कल्पनेतही बसले नसते.

कातडे की रबर, या पेचावर एक उत्तर अटलांटिकपलीकडे आधीच सापडले होते. मेन राज्यातील लिऑन लिऑनवुड बीन हा शिकारीचा शौकीन. ओल्या रानातून पाय भिजवून परतण्याला कंटाळून त्याने १९१२ मध्ये रबरी तळव्यावर कातडी वरभाग शिवून घेतला : चिखलाकडे रबर, घोट्याकडे श्वास घेणारे कातडे. पहिल्या १०० जोडांपैकी ९० शिवण उसवून परत आले. बीनने सगळ्यांचे पैसे परत केले, शिवण सुधारली आणि पुन्हा विक्री मांडली. त्या मूळ रचनेचा बूट आजही विकला जातो.

याच धर्तीचा ‘शूपॅक’ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याकडे होता. नमद्याचे जास्तीचे तळ आणि जाड लोकरी मोजे त्यासोबत मिळत. एक तळ बुटात, दुसरा वाळत, अशी योजना. पण १९४४ च्या शरदात तो आघाडीवर वेळेवर पोहोचला नाही. जर्मन सरहद्दीकडे धावताना जनरल ओमार ब्रॅडलीने हिवाळी कपड्यांच्या आधी दारूगोळा आणि पेट्रोल पुढे आणवले, आणि ही निवड जाणूनबुजून केल्याचे पुढे आपल्या आठवणींत मान्यही केले. युद्ध हिवाळ्याआधी संपेल, ही त्या वेळची सार्वत्रिक आशा. संपले नाही. त्या हिवाळ्यात पश्चिम युरोपात सुमारे ४५ हजार अमेरिकी सैनिक गारठलेल्या पायांमुळे इस्पितळात गेले. मनुष्यबळाच्या हिशेबात ही कित्येक डिव्हिजनांच्या पायदळाची वजाबाकी होती.

ब्रिटिशांनी तरी १९१४ चा धडा पक्का गिरवला असेल, असे वाटणे साहजिक आहे. मे १९८२. दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटे. तिथे तो हिवाळ्याचा आरंभ. २१ मे रोजी सॅन कार्लोसच्या किनाऱ्यावर उतरलेल्या मरीन आणि पॅराशूट तुकड्यांना पीटच्या दलदलीतून राजधानी स्टॅन्लीपर्यंत जायचे होते. हेलिकॉप्टर वाहून नेणारे मोठे जहाज बुडाल्यामुळे पुष्कळांनी ती वाट पाठीवर जड ओझे घेऊन पायीच तुडवली. पायात घोट्यापर्यंतचे ‘डीएमएस’ बूट होते, म्हणजे रबरी तळ थेट कातड्यावर ओतून जोडलेले. तळ टिकाऊ, पण वरचे कातडे पाणी शोषून घेई आणि एकदा ओले झाले की वाळत नसे. १४ जूनला अर्जेंटिनाच्या फौजेने शरणागती पत्करली, तोवर ट्रेंच फूट हा शब्द ब्रिटिश लष्करी डॉक्टरांच्या नोंदींत पुन्हा ठळकपणे आला होता. कित्येक जवानांनी तर शत्रूचे उंच, बरे बूट मिळतील तेव्हा काढून घेतले.

त्या डीएमएस बुटांच्या वर, घोट्याभोवती, ब्रिटिश सैनिक अजूनही आखूड लोकरी पट्टी गुंडाळत होते. हिंदुस्थानातून नेलेली तीच. युद्धानंतर काही वर्षांतच पोटरीपर्यंतचा नवा कातडी बूट सैन्यात आला आणि पट्टी गणवेशातून निघाली.