शिट्टीपासून रक्तप्रवाहापर्यंत

डॉप्लर परिणाम शिकवताना आपण रेल्वेच्या शिट्टीचे उदाहरण देतो. ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ साली प्राग येथे ही कल्पना मांडली, ती मात्र जोडताऱ्यांच्या रंगांसाठी. १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस-बॅलट यांनी आगगाडीत ट्रम्पेटवादक बसवून ती ध्वनीच्या बाबतीत पडताळली. पुढे हाच परिणाम अशा एका दुखण्याच्या निदानाला उपयोगी पडला, की ज्याविषयी आपण घरातही बोलत नाही.

हे दुखणे म्हणजे पुरुषाच्या लिंगाला ताठरता न येणे. ताठरता येताना धमन्या रुंदावतात, स्पंजासारख्या ऊतींत रक्त भरते आणि त्या दाबाने रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा मिटतात. यातले काहीही बिघडले तरी ताठरता येत नाही. तरीही १९७० च्या सुमारास बहुतेक रुग्णांचे दुखणे मानसिकच समजले जाई. आतला प्रवाह दिसत नव्हता, म्हणून दोष मनाच्या माथी जाई.

ओसाका येथील शिगेओ सातोमुरा यांनी १९५९ साली श्राव्यातीत ध्वनीने रक्तप्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदलते. ७.५ मेगाहर्ट्झचा ध्वनी प्रवाहाशी ६० अंशांचा कोन करून सोडला आणि रक्ताचा वेग सेकंदाला ३० सेंटीमीटर असला, तर फरक सुमारे १५०० हर्ट्झ येतो. तो कानाला ऐकू येतो!

पण लिंग शिथिल असताना हा प्रवाह फार कमी असतो. १९८२ साली पॅरिसच्या रोनाल्ड विराग यांनी पॅपाव्हरिनच्या इंजेक्शनने ताठरता आणता येते हे दाखवले. १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोत टॉम लू व सहकाऱ्यांनी त्याला डॉप्लर तपासणीची जोड दिली. इंजेक्शननंतर धमनीतील कमाल वेग सेकंदाला २५ सेंटीमीटरहून कमी असल्यास धमनीत दोष मानतात. ३५ च्या वर असल्यास धमनी ठीक. कमाल वेग चांगला असूनही दोन ठोक्यांच्या मध्ये प्रवाह ५ सेंटीमीटरहून अधिक वेगाने चालूच राहिला, तर शिरांतून गळतीचा संशय येतो.

१९९८ साली सिल्डेनाफिलच्या गोळ्या आल्यावर ही तपासणी प्रत्येकाला करण्याची गरज उरली नाही. मनाची कारणेही खोटी ठरली नाहीत. भीतीनेही ताठरता जाते. पण हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असलेल्या या धमन्यांतला दोष कधी कधी हृदयविकाराची आगाऊ सूचना ठरतो. अशा वेळी लाजेने गप्प बसणे किंवा भिंतीवरच्या जाहिरातीतला वैदू गाठणे जिवावर बेतू शकते. शिट्टीचा धडा शिकवताना एवढे सांगायला आपण कचरू नये.