स्कॅनर म्हणतो ‘प्रेशर जास्त’: पंप उतरवण्याआधी काय तपासायचं?

शिरूर-दौंड पट्ट्यातल्या जुन्या डिझेल मेकॅनिकना एक युक्ती पाठ आहे. गाडी मिसिंग करतेय म्हटलं की इंजिन चालू ठेवायचं, एकेक इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करायचा आणि कुठल्या सिलिंडरला फरक पडत नाही ते बघायचं. ट्रॅक्टरला, जुन्या जीपला ही युक्ती चालायची. कॉमन रेलच्या गाडीवर तीच केली तर हात जाऊ शकतो.

आकडे बघा. कारच्या टायरमध्ये आपण ३२ पाउंड हवा भरतो, म्हणजे साधारण सव्वादोन बार. कॉमन रेल डिझेल गाडी नुसती आयडलला उभी असली तरी रेलमध्ये २५० ते ३५० बार दाब असतो. लोडवर तो १,६०० बारपर्यंत आणि काही इंजिनांत २,००० च्या आसपास जातो. या दाबाने सुटलेली डिझेलची धार हातमोजा आणि कातडी फोडून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढं छिद्र दिसतं, सुरुवातीला फार दुखतही नाही, म्हणून पोरगं हात पुसून कामाला लागतं. आत मात्र डिझेल पसरत असतं, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट कापावं लागू शकतं. असं झालं तर मलम लावत बसू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा आणि ‘हाय प्रेशर डिझेल आत गेलंय’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवा, हात नको. पाइप खोलायचा तर इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा आणि स्कॅनरवर रेल प्रेशर शून्याजवळ आलंय याची खात्री करा.

कॉमन रेलचं आपल्या भागाशी जवळचं नातं आहे. हे तंत्र विकसित करण्यात फियाट पुढे होती, बॉशने ते बाजारात आणलं आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या कारमध्ये ते पहिल्यांदा दिसलं. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत फियाट-टाटांच्या कारखान्यात १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि कंपन्यांनी ते इंजिन बंद केलं. पण त्या इंजिनाच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांची वॉरंटी केव्हाच संपली आहे आणि त्या गावातल्या गॅरेजलाच येतात. आपल्या समाजातली कितीतरी मुलं याच गॅरेजलाइनमध्ये आहेत, म्हणून हा विषय जरा सविस्तर.

आधी पेट्रोल. साध्या एमपीएफआय गाडीत दाब ३ ते ४ बार, म्हणजे ४३ ते ५८ पाउंड असतो. यातल्या बहुतेक गाड्यांमध्ये हा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. त्यामुळे दाब वाढला तरी स्कॅनर तसं सांगत नाही. तो पी०१७२ देतो, म्हणजे मिश्रण रिच. काळा धूर, पेट्रोलचा वास, अॅव्हरेज घसरलेलं, प्लग काजळलेले, गरम गाडी स्टार्टला त्रास देणारी, आणि डिपस्टिक हुंगली तर ऑइललाही पेट्रोलचा वास. लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम उणे १५, उणे २० असा दिसतो, कारण ईसीयू पेट्रोल कमी करायला धडपडत असतो. पण रिच मिश्रण गळक्या इंजेक्टरनेही होतं आणि अडकलेल्या पर्ज व्हॉल्व्हनेही. म्हणून गेज लावल्याशिवाय बोलू नये. गेजवर दाब बरोबर असेल पण इंजिन बंद केल्यावर भराभर पडत असेल, तर इंजेक्टर किंवा पंपाच्या चेक व्हॉल्व्हकडे बघा. चालू इंजिनवरच दाब जास्त असेल तर रेग्युलेटर किंवा रिटर्न लाइन.

रेग्युलेटर रेलवर असेल तर त्याची बारीक व्हॅक्युम नळी काढून हुंगा. नळीत ओलं पेट्रोल म्हणजे आतला पडदा फाटलाय. नळी तडकलेली किंवा निघालेली असेल तर आयडलला दाब सुमारे अर्धा बार जास्त राहतो, आणि दुरुस्ती काही रुपयांच्या नळीवर भागते. नळी ठीक असेल तर इंजिन थंड असताना रिटर्न पाइप काढून पेट्रोलसाठी बनवलेल्या डब्यात सोडा, उघड्यावर, आणि जवळ कुणी बिडी ओढत नाही ना ते बघून. दाब खाली आला तर टाकीकडची लाइन चोक आहे, नाही आला तर रेग्युलेटर अडकलाय. नव्या गाड्यांत रिटर्न लाइनच नसते. रेग्युलेटर टाकीत पंपासोबत असतो, तिथे हा प्रयोग होत नाही. सीएनजी किट असेल तर गाडी दोन्हींवर वेगवेगळी तपासा. फक्त सीएनजीवर रिच होत असेल तर पेट्रोलची लाइन सोडा आणि रिड्यूसर बघा.

डिझेलमध्ये कोड सरळ येतो: पी००८८, रेलमधला दाब जास्त. चेक लाइट लागते, पिकअप जातो, कधी एक्सलेटर सोडला की इंजिन झटकन बंद पडतं. आणि इथेच घाईत निदान होतं, ‘उस्ताद, पंप गेला.’ पंप उतरतो, हजारोंचं बिल होतं आणि तीन दिवसांनी तीच लाइट पुन्हा लागते. खराब पंप बहुतेक वेळा दाब कमी देतो. जास्त दाबाचं कारण सहसा दाब आवरणाऱ्या भागात किंवा दाब मोजणाऱ्या भागात असतं.

म्हणून मोजणाऱ्यापासून सुरू करा, त्याला नट खोलावा लागत नाही. कोड पुसू नका, आधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या. गाडी काही वेळ बंद ठेवून फक्त चावी ऑन करा. रेलमध्ये दाब नसताना सेन्सरच्या सिग्नल वायरवर साधारण अर्धा व्होल्ट यायला हवा आणि स्कॅनरवर जवळपास शून्य. इंजिन बंद असताना शेकडो बार दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय किंवा त्याची अर्थिंग कच्ची आहे. कपलर उघडून गंज बघा, वायर उंदरांनी कुरतडलीय का बघा. असा खोटा जास्त आकडा बघून ईसीयू खरा दाब कमी करतो, म्हणजे कोड ‘जास्त’चा आणि गाडी मात्र उपाशी. उलट बाजू अधिक वाईट. सेन्सर कमी दाखवत असेल तर ईसीयू खरा दाब वाढवत नेतो, स्क्रीनवर सगळं नॉर्मल दिसतं आणि इंजिन खडखडत असतं.

सेन्सर खरा निघाला तर मागितलेला आणि प्रत्यक्ष असे दोन्ही दाब एकाच स्क्रीनवर घ्या. २,५०० आरपीएमपर्यंत रेस करून एक्सलेटर सोडा. दोन्ही आकडे सोबत खाली आले पाहिजेत. प्रत्यक्ष दाब वरच रेंगाळत असेल तर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकतोय. डिझेलमधलं पाणी आणि गंज हे त्याचं नेहमीचं कारण, फिल्टरमधलं पाणी वेळेवर न काढल्याचं. व्हॉल्व्हच्या कॉइलचा रेझिस्टन्स बऱ्याच गाड्यांत २ ते ४ ओम असतो, पण अंतिम आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा. चालू इंजिनवर त्याचा कपलर मात्र काढू नका. बहुतेक मीटरिंग व्हॉल्व्ह करंट गेला की पूर्ण उघडतात आणि दाब एकदम चढतो. रेलवर कंट्रोल व्हॉल्व्ह असेल तर तो आणि त्याची रिटर्न नळी दबलेली नाही ना, हेही बघा.

डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत दाब २०० ते ३५० बार असतो, तिथेही हाच क्रम. फक्त गरम इंजिन बंद केल्यावर दाब थोडा चढलेला दिसला तर घाबरू नका, बंद रेलमधलं पेट्रोल तापून फुगतं.

काम झाल्यावर गाडी जागेवर रेस करून गिऱ्हाइकाला देऊ नका. स्कॅनर लावूनच न्हावरा-चौफुला रस्त्यावर इंजिन गरम होईपर्यंत चालवा, चढाला पूर्ण एक्सलेटर द्या, उताराला सोडा. पी००८८ बऱ्याचदा त्या सोडण्याच्या क्षणालाच परत येतो.