संवाद सहायक : भूकंपानंतरच्या लातूरमधील सहकार्याचे शिक्षण

मराठवाड्यातील कार्यप्रशिक्षणाच्या इतिहासात १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या घरदुरुस्तीच्या कामाला मोलाचे स्थान आहे, कारण तेथे बांधकामाचे तंत्र आणि मिळून काम करण्याची रीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकवल्या गेल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. एवढ्या जीवितहानीस घरांची रचना मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांत गुंफलेले नव्हते आणि वर माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छताचे, प्रचंड ओझे होते.

राज्य शासनाने जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली, तर इतर शेकडो गावांत जुनीच घरे दुरुस्त करून भक्कम करायची होती. या दुसऱ्या कामात पैसा शासनाने द्यायचा, तांत्रिक देखरेख अभियंत्याने करायची आणि घरमालकाने गवंड्याकडून काम करून घ्यायचे, अशी विभागणी होती. परंतु योजनेची माहिती घराघरात, विशेषतः स्त्रियांपर्यंत, पोहोचल्याशिवाय ती यशस्वी होणे शक्य नव्हते. म्हणून प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या सहभागाने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. गावकरी आणि शासकीय यंत्रणा यांच्यातील दुवा म्हणून काम करणाऱ्या या स्थानिक स्त्रिया होत्या.

या कामासाठी शिकावे लागणारे तंत्र नेमके होते. भिंतीत ठरावीक अंतरावर भोके पाडून दोन्ही थरांना बांधणारे आरपार जोड बसवणे, दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर घराभोवती सलग पट्टा फिरवणे, लाकडी खांब आणि तुळई यांच्या सांध्यांना तिरपे आधार देणे आणि माळवदावरील माती कमी करणे, हे उपाय त्यात होते. गिलावा झाल्यावर भिंतीतला जोड दिसत नाही. त्यामुळे तो वेळीच तपासायचा, तर घरातल्या माणसाला त्याचे प्रयोजन ठाऊक असावे लागते, गवंड्याने ते समजावून सांगितलेले असावे लागते आणि शंका आल्यास अभियंत्याला बोलावण्याचा धीर घरच्या बाईला असावा लागतो. तिघांनी एकाच भिंतीची जबाबदारी घेणे, हाच या प्रशिक्षणाचा गाभा होता, आणि त्यातून मदतीची वाट पाहणारी बाई गावाच्या कामाची कारभारीण होऊ शकली.

या शिक्षणाचा प्रभाव या दोन जिल्ह्यांपुरता उरला नाही. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा लातूर भागातील स्त्रिया तेथील गावांत गेल्या आणि आपत्तीतून सावरण्याचा अनुभव त्यांनी तेथील स्त्रियांना समक्ष सांगितला. संस्थांमध्ये आज सेवाभाव आणि संघभावना रुजवण्यासाठी जी प्रशिक्षणे योजली जातात, त्यांनी लातूरचा हा धडा गांभीर्याने घ्यावा : सेवाभाव उपदेशाने येत नाही, कामाचे ज्ञान, ते तपासण्याचा अधिकार आणि त्याची जबाबदारी ज्यांच्यासाठी काम चालले आहे त्यांच्याही हाती दिली, तरच तो टिकतो.